त्रेपन्न म्हणजे पस्तीस

जूनमधली गोष्ट. रविवारी दुपारी लेकीला अंकलेखन घातलं, दुसरीत आहे ती. त्रेपन्न म्हटलं की ३५ लिहायची, चोवीस म्हटलं की ४२. वीस आकडे सांगितले, त्यात अकरा चुकले आणि माझा पारा चढला. खोडून खोडून वहीला भोक पडलं, ती रडली, मग मीपण जेवले नाही नीट. वर शेजारच्या फ्लॅटमधली तिच्याच वयाची इंग्लिश मीडियमवाली मुलगी फिफ्टी थ्री ऐकून धडाधड ५३ लिहिते हे बघून आमच्या घरात 'मराठी शाळेत घालून चूक केली का' हा विषय परत निघालाच, तो गोव्यात आमच्या डिचोलीत कुठल्याही घरात वर्षातून दोनदा निघतो.

सोमवारी टीचरना भेटले. शाळा लहान, पहिली ते चौथी मिळून दोनच वर्ग, तरी त्यांनी पाच मिनिटं काढली. लेकीला म्हणाल्या त्रेपन्न लिही, आणि मला म्हणाल्या, तुम्ही वहीकडे नको, तिच्या हाताकडे बघा. तिने आधी ३ लिहिला, मग पुढे ५. म्हणजे ऐकलं तसंच लिहिलं की! त्रे आधी आला, पन्न मागून आलं. मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, हे मला चाळीस वर्षं कधी सुचलंच नव्हतं. २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीने दुसरीच्या गणितात एकवीस, बावीससाठी 'वीस एक, वीस दोन' असं आणलं तेव्हा मीच व्हॉट्सअपवर जोक फॉरवर्ड केले होते, आता जरा लाज वाटली. पण बाजारात कोण पन्नास तीन म्हणणार, त्यामुळे त्रेपन्न यायलाच पाहिजे हेही खरं.

टीचरनी हिराचे गठ्ठे दिले. माडाच्या पातीचे हीर, म्हणजे मधल्या काड्या, त्यांचे बोटभर तुकडे, दहा-दहाचे रबर लावून बांधलेले. आकडा ऐकला की लगेच लिहायचं नाही, शेपूट ऐकायचं. शेवटी पन्न किंवा वन्न आलं की पन्नासचं घर, सष्ट आलं की साठचं, हत्तर आलं की सत्तरचं. आधी तेवढे गठ्ठे मांडायचे, मग सुटे हीर, आणि मग पेन्सिल. पन्नासच्या घरात गोंधळ होतोच, एकावन्न, बावन्न आणि मध्येच त्रेपन्न, चोपन्न, मग परत पंचावन्न. ते पाठच करावं लागतं, दुसरा उपाय नाही.

एकोणसाठ मात्र झकास जमलं. एकोण म्हणजे एक कमी. सहा गठ्ठे मांडले, तिने एकाचं रबर सोडलं, एक हीर काढून माझ्या हातात दिला आणि उरलेले मोजले. पाच गठ्ठे, नऊ सुटे. मग स्वतःच ५९ लिहून माझ्याकडे बघितलं, मी काहीच बोलले नाही, मुद्दाम.

घरी रोज दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही, तेही पोदेर पाव देऊन गेल्यावर चहाच्या वेळी. एक नियम केलाय, चुकलं तर 'चूक' म्हणायचं नाही, 'मांडून दाखव' म्हणायचं. हा नियम मीच जास्त मोडते. घरात आम्ही कोंकणी बोलतो, मग तिला समजवायचं कोंकणीत आणि आकडा मराठीत, टीचर म्हणाल्या काही बिघडत नाही, समजणं महत्त्वाचं. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेत म्हणे दुसरीपर्यंत ९९९ पर्यंतचे आकडे लिहिता-वाचता यायला पाहिजेत, मी म्हटलं आधी शंभरच्या आत जमू दे.

आता वीसात तीन-चार चुकतात, त्यातपण बहुतेक सत्तरच्या पुढचे. सासूबाईंच्या केरसुणीचे हीर मात्र निम्म्यावर आलेत, त्या शुक्रवारच्या म्हापसा बाजारातून नवी आणा म्हणून मागे लागल्यात.

काल एकोणनव्वद झालं आणि तिने विचारलं, "मम्मी, मागीर एकोणशंबर कित्याक ना?" म्हणजे, मग एकोणशंभर का नाही? खरंच, एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळे एकोण आणि ९९ तेवढा नव्व्याण्णव. मी म्हटलं, टीचरना विचार.