ताकाला गेले आणि

परवा दुपारी दोनच्या उन्हात डेअरीतून मसाला ताकाच्या दोन पिशव्या घेतल्या. तीस रुपये मोजले आणि मनात काहीतरी चुकचुकलं. ताकाचे पैसे?

आजीच्या घरी हा प्रश्नच नव्हता. एक दिवसाआड सकाळी ती डेऱ्यात दही ओतायची, खांबाला रवी अडकवायची आणि दोरी ओढायला लागायची. माझ्याकडे पाण्याचं खातं. उन्हाळ्यात गार, थंडीत कोमट, तेही ती मागेल तेव्हा आणि मागेल तेवढंच. लोणी यायच्या सुमाराला रवीचा आवाज बदलतो म्हणे. मला तो कधीच ओळखता आला नाही. आजी मात्र चुलीवरच्या भाताकडे बघत म्हणायची, "आलं बघ." पहिला गोळा देवघरातल्या बाळकृष्णाला, दुसरा मला. क्वचित उलटही झालंय.

तेवढ्यात मागच्या दाराशी शेजारच्या काकू हजर. पावसाच्या, गुरांच्या, लेकीच्या बाळंतपणाच्या गप्पा व्हायच्या, पदराखालचा लोटा काही बाहेर यायचा नाही. शेवटी आजीच म्हणायची, "आण गं ते भांडं इकडं." पुढे शाळेत ती म्हण आली, तेव्हा बाईंनी अर्थ सांगायच्या आधीच मला काकूंचा पदर दिसला.

आजीच्या हिशेबी लोणी काढल्यावर उरतं ते ताक. दह्यात पाणी घालून मिक्सर फिरवला तर ते नुसतं पातळ दही. हा हेका मी चालू ठेवलाय, त्यामुळे घरात ताक करताना मला कोणी बोलावत नाही. बर्लिनला गेलेल्या भाच्याने एकदा मोठ्या आनंदाने फोन केला, "मावशी, इथे तुर्की दुकानात ताक मिळतं!" म्हणजे आयरान. दही, पाणी, मीठ. मी लगेच, "लोणी काढलेलं असतं का?" बिचारा गप्पच झाला. पुदिना घातलेलं इराणी दूगही त्याच वळणाचं. तमिळ शेजारीण कढीपत्ता नि आलं घालून मोर देते, ते मात्र निमूट पिते. माणसाने भांडावं तरी किती!

आजोबा जेवण संपताना पेला उचलून म्हणायचे, "तक्रं शक्रस्य दुर्लभम्." ताक इंद्रालासुद्धा मिळत नाही. का मिळत नाही, ते मी कधी विचारलं नाही. स्वर्गात शेजारपाजार नसेल, किंवा इंद्राला भांडं घेऊन जायची लाज वाटत असेल.

असो. दुसऱ्या पिशवीची संध्याकाळी कढी करायला घेतली. डाळीचं पीठ लावलं, मंद आचेवर ढवळत बसले, तरी फुटली. पिठलं टाकलं.