निळ्या नकाशातला बायकांचा जिना

नागपूरच्या महाल भागातल्या एका टॉकीजचं नाव आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं, की आत पाय ठेवण्याआधीच ती माझ्या ओळखीची होती. आता तिथे खेळ होत नाहीत. डिसेंबरात मालकांनी दोन सकाळी आत फिरू दिलं आणि मूळ नकाशे टेबलावर पसरून दिले. टॉकीजचं नाव कुठे लिहू नका, एवढीच अट घातली. ती पाळते आहे.

नकाशे म्हणजे कापडावर चिकटवलेल्या चार ब्लूप्रिंट: तळमजला, बाल्कनी, उभा छेद आणि दर्शनी बाजू. निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघा, एक इंचाला आठ फूट हे प्रमाण. तारखेचा कोपरा उंदरांनी खाल्लाय, पण शिक्क्यातलं ‘सी. पी. अँड बेरार’ (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) स्वच्छ वाचता येतं. त्या प्रांताचं 26 जानेवारी 1950 ला मध्य प्रदेश झालं, म्हणजे नकाशा त्याआधीचा. शिक्क्यावर प्रांताचं नाव आहे का, हे आधी शोधा. नागपूर 1956 पर्यंत राजधानी होतं, मग मुंबई राज्यात गेलं, 1960 ला महाराष्ट्रात आलं. नुसत्या नावावरून काळ बराचसा कळतो.

पट्टी लावून नकाशावरची अंतरं मोजू नका. मी पहिल्या सकाळी तेच केलं आणि तासभर वाया गेला. जुना कागद आकसतो. रेघेशेजारी लिहिलेला आकडा घ्यायचा आणि तोच जागेवर टेपने ताडून पाहायचा. नकाशा उन्हात न्यायचा नाही, ब्लूप्रिंट उजेडाने फिकी पडते. फाटलेल्या घडीवर सेलोटेप तर कधीच लावायची नाही.

सोबत प्रोजेक्टर चालवणारे तिथले जुने ऑपरेटर काका होते. मी लॉबीत टेप उलगडत होते, तर म्हणाले, “ते होईल नंतर. आधी वर चला जी, केबिन पाहा. टॉकीज तिथूनच समजते.”

खरंच तिथूनच समजते. केबिनला, म्हणजे प्रोजेक्टरच्या खोलीला, जायचा लोखंडी जिना इमारतीच्या बाहेरून आहे, प्रेक्षकांच्या वाटेशी त्याचा काही संबंध नाही. भिंती जाड, दार बाहेर उघडणारं, आणि पडद्याकडच्या चौकोनी भोकांवर पत्र्याची झडप. झडप ज्या दुव्यावर लटकते तो कमी उष्णतेला वितळणाऱ्या धातूचा. आग लागली की दुवा वितळणार, झडप आपोआप खाली पडणार आणि ज्वाळा हॉलमध्ये जाणार नाहीत. त्या काळची फिल्म नायट्रेटची होती. ती एकदा पेटली की बाहेरच्या हवेवाचूनही जळत राहते. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला तिची जागा सहजी न भडकणारी सेफ्टी फिल्म घेऊ लागली, पण खोल्या जुन्या भीतीच्या हिशेबाने बांधून झाल्या होत्या. खाली शेकडो माणसं अंधारात बसणार आहेत, हे आराखडा काढणाऱ्याच्या डोक्यात सतत होतं. त्या झडपेला हात लावला तेव्हा मला फार भरून आलं.

काकांनी दोन मशीनच्या जागा दाखवल्या. 2,000 फुटांचं रीळ साधारण 22 मिनिटं चालतं. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका उमटतो, तेव्हा दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, आणि दुसऱ्या ठिपक्याला चित्र त्या मशीनवर न्यायचं. “पापणी नाही हलवायची त्या टायमाला,” काका म्हणाले.

पडद्याची चौकट मूळ नकाशात बरीच अरुंद आहे. जागेवर दोन्हीकडचं गिलाव्याचं नक्षीकाम अर्धं कापलेलं दिसतं. 1953 नंतर सिनेमास्कोप आला, चित्र रुंद झालं आणि चौकट फोडावी लागली. पडद्यामागे टॉर्च मारा, जुन्या कमानीची कड अजून शाबूत आहे.

मागच्या अंगाला ‘फॅन रूम’ लिहिलेली खोली आहे. ओल्या जाळीतून पंख्याने हवा ओढायची आणि जाळ्यांमधून हॉलमध्ये सोडायची. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा म्हणून हे चालायचं, पावसाळ्यात त्याचा उपयोग नसे. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा बंद हॉलमध्ये शिरूच नका. डिसेंबर-जानेवारीची सकाळ उत्तम. मेट्रोने बर्डीला (सीताबर्डीला) उतरा, तिथून महालला ऑटो मिळतो. टॉर्च, टेप आणि मास्क जवळ हवाच, कबुतरांची घाण फार आहे. खोट्या छतावर पाय ठेवू नका आणि सिमेंटच्या जुन्या पत्र्यांना खरवडू नका, त्यांत ॲस्बेस्टॉस असतं. मालकांकडे नकाशा नसेल तर हरकत नाही. टॉकीजचं लायसन्स जिल्हा प्रशासनाकडून मिळत असल्याने फाईल तिथे असण्याची शक्यता असते. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो. शनिवार-रविवार सरकारी कचेऱ्या बंद असतात, तसा बेत आखा.

आता जिन्याचं. दर्शनी भिंत बाहेरून 60 फूट भरली, नकाशाबरहुकूम. आतल्या खोल्या आणि भिंती मिळवल्या तर 53. दुसऱ्या सकाळी तीनदा मोजलं, तीनदा 53. तळमजल्याचा नकाशा पुन्हा पाहिला, तर तिकीट खिडकीच्या पलीकडे साडेपाच फूट रुंद जिना, दोन्ही बाजूंना नऊ इंची भिंती, आणि त्यावर बारीक अक्षरांत ‘लेडीज’. बायकांचं वेगळं दार, वेगळा जिना, बाल्कनीच्या एका कडेला त्यांची बसायची जागा. जागेवर तिथे सपाट भिंत आहे, रंगसुद्धा बाकीच्या लॉबीसारखाच. काकांनाही ती तशीच आठवते, म्हणजे त्यांच्या नोकरीआधीच बुजवली असणार.

तिथूनच आईला फोन केला.

“बंद केला का गं तो?” ती म्हणाली. “मी अन् तुझी मावशी त्याच जिन्याने जायचो. वळणावर खिडकी होती लहानशी. मध्यंतरात तिथे उभं राहिलं की हवा यायची, अन् खाली आपला दादा सायकल धरून थांबलेला दिसायचा.”

बाल्कनीचा नकाशा उघडला. जिन्याच्या वळणावर दोन समांतर रेघा, शेजारी आकडे: दोन फूट बाय तीन. मी बाहेर रस्त्यावर आले आणि वर पाहिलं. चुन्याच्या थरांखाली तेवढ्याच मापाचा चौकोन, विटांनी भरलेला, खाली दगडी पट्टी अजून बाहेर आलेली. फोटो काढून आईला पाठवला. जानेवारीत ती स्वतः येते म्हणाली आहे.