वाडा पडला की माल येतो

स्वारगेटला साताऱ्याच्या एसटीतून उतरलं की आता मंडईपर्यंत मेट्रोने जाता येतं. एकच स्टेशन. पूर्वी एवढ्या अंतराला रिक्षावाले मान हलवूनच नाही म्हणायचे. सरकत्या जिन्याने वर आलं की १८८६ सालची मंडईची दगडी इमारत दिसते. तिथून रविवार पेठेत शिरायचं आणि बोहरी आळीतल्या हातगाड्या, सुतळीचे गुंडे, प्लास्टिकचे डबे यांतून वाट काढत एका बोळात वळायचं. जिन्याखाली जेमतेम आठ बाय दहाची खोली आहे, तेच जुन्या रेकॉर्डींचं दुकान. नाव मुद्दाम देत नाही, त्याचं कारण पुढे सांगते.

खोलीत माणसांना उभं राहायला एक पट्टा सोडलाय, बाकी छतापर्यंत रेकॉर्डी. सगळ्या उभ्या. आडवी एकही नाही. मी हातातली एलपी सहज दुसऱ्या गठ्ठ्यावर टेकवली तर काका लगेच म्हणाले, "ताई, झोपवू नका तिला, वाकते." सत्तरी ओलांडलेले, बाह्यांचा बनियन, त्यावर उघडा शर्ट, कपाळावर भिंग. दुकान त्यांच्या वडिलांचं. तेव्हा इथे नव्या रेकॉर्डी, सुयांच्या डब्या आणि चावीच्या ग्रामोफोनची दुरुस्ती असा धंदा होता. मग कॅसेट आली, ती विकली. सीडी आली, तीही विकली. दोन्ही संपल्या आणि रेकॉर्डी राहिल्या.

"राहिल्या कशा?" मी विचारलं.

"परत येतात ना. वाडा पडला की माल येतो."

हे त्यांनी पावसाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतला एखादा वाडा बिल्डरकडे गेला की माळे रिकामे होतात. वारसांपैकी एक बंगळुरूला, एक न्यू जर्सीला, रेकॉर्डी कुणालाच नको असतात. मग रद्दीवाला काकांना फोन करतो. काही माल बुधवारी नाहीतर रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जातो आणि तिथून फिरून इकडे येतो. हल्ली एरंडवणे, कर्वे रोडच्या बाजूच्या पन्नास वर्षं जुन्या सोसायट्याही पुनर्विकासाला निघाल्यात. तिथलाही माल येतो, पण वेगळा.

"वाड्यातून लाख येते, सोसायटीतून प्लास्टिक," काका म्हणाले.

मला हे वाक्य फार आवडलं, कारण त्यात सगळा हिशेब बसतो. मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या असायच्या. लाखेत दगडाची पूड आणि काजळी मिसळून त्या दाबून काढत. जगभरच्या तबकड्यांसाठी बरीचशी लाख आपल्याकडूनच जायची. प्लास्टिकची, म्हणजे व्हिनाइलची, ३३⅓ फेऱ्यांची एलपी अमेरिकेत १९४८ साली आली, तरी आपल्याकडे लाखेच्या तबकड्या १९६० च्या दशकाच्या अखेरपर्यंत निघत होत्या. साहजिकच पेठेतल्या माळ्यावर लाख जास्त सापडते आणि सत्तरच्या दशकात ज्यांनी फ्लॅट घेतला, त्यांच्या शोकेसमध्ये एलपी.

तेवढ्यात पाठीला लॅपटॉपची बॅग लावलेला एक मुलगा आला आणि त्याने बीटल्स आहेत का विचारलं. काकांनी त्याला आधी एक प्रश्न टाकला, "एलपी की लाख?" त्याला वाटलं किंमत सांगतायत. मग कळलं की इंग्लंडमध्ये लाखेच्या तबकड्या बंद झाल्यानंतरही भारतात बीटल्स त्यांवर निघत होते. त्या भारतीय तबकड्यांच्या मागे आज परदेशातले संग्राहक असतात. "आम्ही त्या रद्दीच्या भावात दिल्या," काका म्हणाले, आणि त्यावर कुणाला काही बोलायला जागा न ठेवता त्याच्या हातात शोलेच्या संवादांची पॉलिडॉर कंपनीची एलपी दिली. मुलगा ती घेऊन गेलासुद्धा!

मांडणी अकारविल्हे नाही. गायकीच्या घराण्याप्रमाणे आहे, आणि पुण्याला शोभेल अशी एकतर्फी. दाराजवळचा पूर्ण उभा कप्पा किराणा घराण्याचा. वर अब्दुल करीम खाँसाहेब, ज्यांचं आर्य संगीत विद्यालय याच शहरात होतं. त्यांच्या खाली त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर आणि शिष्य सवाई गंधर्व. त्याखाली सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी, ज्यांनी १९५३ पासून गुरूंच्या नावाचा महोत्सव इथे उभा केला. वरून खाली वाचत गेलं की वंशावळच. जयपूर, आग्रा, ग्वाल्हेर हे सगळे मिळून समोरच्या एका फळीत. मी जयपूरवाल्यांच्या बाजूने थोडी कुरकुर केली. काकांनी ती ऐकलीच नाही.

गीतरामायणाचा मात्र वेगळा ढीग, दाराबाहेर जिन्याला टेकवून. "वाडा असो की सोसायटी, हे निघतंच. आता घेत नाही मी." आकाशवाणी पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये ती ५६ गाणी प्रसारित झाली तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे अशा कितीतरी गळ्यांतून आली होती, रेकॉर्डवर सगळी एकट्या सुधीर फडक्यांच्या आवाजात आहेत. त्या ढिगातल्या एका कव्हरवर निळ्या शाईत "चि. सौ. कां. हिस लग्नाप्रीत्यर्थ, काका-काकू" असं लिहिलेलं, आणि खाली दुसऱ्याच अक्षरात, पेन्सिलीने: "बाजू २ ला ओरखडा. जोशांकडून अशीच परत आली." एवढ्या वर्षांनंतरही जोशांना सुटका नाही.

मला ऐकायची होती खाँसाहेबांची तबकडी, ओडियन कंपनीची, १९३० च्या दशकातली. काकांनी प्लेअरच्या भुजेवरची सुई काढून दुसरी बसवली. ७८ ची चर, म्हणजे सुई जिच्यातून फिरते ती खाच, रुंद असते, तिला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, ती चरीच्या तळाशी लोळते आणि नुसता कचरा वाजवते. तबकडीवरून मऊ ब्रश फिरला, भुजा उतरली. आधी कढईत मोहरी पडावी तशी तडतड, त्यामागे कुठेतरी लांब तबला, आणि मग एकदम पुढ्यात उभा राहिल्यासारखा तो बारीक, सुरात रुतलेला आवाज. मैफलीत तास तास चालणारा राग इथे तीन-साडेतीन मिनिटांत बसवायचा होता. आलापाला उसंत नाही. तरी घाई जाणवत नाही, हे कसं केलं असेल, हे मला अजून कळलेलं नाही.

रेकॉर्डीच्या 'उबदार' आवाजाबद्दल हल्ली कॅफेत बसून जे बोललं जातं, ते मला फारसं पटत नाही. स्वच्छ आवाज फोनवर मिळतो. इथे मिळतं ते त्या कव्हरवरचं पेन्सिलीचं अक्षर.

मी भीमसेनजींची एक एलपी घेतली. पुण्याच्या पावसाळ्यात कव्हराच्या आत पांढरी बुरशी धरते, तशी तिच्यावर होती. ती ऊर्ध्वपातित पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून, चरीच्या दिशेने गोल पुसायची. "आणि लाखेला स्पिरिट लावू नका," काकांनी बजावलं, "गाणं कापसाच्या बोळ्यावर येईल." घासाघीस केली, पन्नास रुपये सुटले.

नाव का द्यायचं नाही, तेही विचारलं. "फोटो काढायला येतात, भुजा हाताने उचलतात, कॉफी मिळते का विचारतात."

हिराबाईंची नाट्यपदांची तबकडी हवी होती, ती नव्हती. काकांनी वही काढून माझा नंबर लिहून घेतला. "नारायण पेठेतला एक वाडा दिवाळीनंतर जायचाय. मालक गाण्यातला होता. बघू."

मी आनंदाने बरं म्हटलं. पिशवी उचलून जिन्याबाहेर आले तेव्हा ते मागून म्हणाले, "लागेल जरा वेळ. दोन भाडेकरू अजून हलत नाहीयेत."