माझा 'ह'

नोटीस वाचायला शिपाई मामा वर्गावर यायचे, ते दृश्य शाळेच्या अमृतमहोत्सवाची ही स्मरणिका वाचणाऱ्या, १९८६ च्या मागंपुढं आपल्या शाळेतून दहावी झालेल्या कुणालाही आठवत असेल. नोटिशीच्या वहीत बोट घालून ते दारात उभे राहायचे आणि "उ-उ-उद्या शाळेला सु-सु-" म्हणेपर्यंत अर्धा वर्ग बाकावर चढलेला असायचा. पुढची 'सुट्टी' पोरंच ओरडायची. मामाही हसायचे. गलका ओसरेपर्यंत थांबायचे आणि मग तेच वाक्य पहिल्यापासून, आपल्या गतीनं, "सु-सु-सुट्टी हाय" इथपर्यंत पुरं करायचे. बाईंची सही घ्यायची आणि पुढच्या वर्गावर.

मी त्यांना टाळायचो. पाण्याच्या टाकीपाशी मामा दिसले तर तहान तशीच घेऊन परत फिरायचो. कारण मीही अडखळत बोलतो, आणि शाळेत ही गोष्ट मी जमेल तेवढी झाकून ठेवली होती. आम्ही दोघं शेजारी उभे दिसलो तर कुणीतरी जोडी लावणार, ही धास्ती.

झाकून ठेवली होती हे वाचून माझ्या बाकावरचे मित्र हसतील. त्यांना सगळं ठाऊक होतं. पण बाकीच्या बऱ्याच जणांनी मला घुमा नाहीतर शिष्ट समजून सोडून दिलं होतं, आणि मला ते सोयीचं होतं. 'तोतरा' पेक्षा 'शिष्ट' बरा, असा माझा तेव्हाचा हिशोब होता.

माझं वैर 'ह' शी. आता हजेरीला 'हजर' सोडून काय म्हणणार? मी 'येस सर' म्हणायचो. एका सरांना इंग्रजी चालायचं नाही, त्यांच्या तासाला 'उपस्थित' म्हणून पाहिलं, तर वर्ग त्यालाच हसला. मग मी हात वर करायचो आणि त्याच क्षणी खोकायचो. प्रकट वाचनाचं गणित याहून अवघड. रांगेनं एकेक परिच्छेद वाचायचा असला की माझ्यापुढं किती मुलं आहेत ते मोजून मी माझा परिच्छेद आधीच हुडकून ठेवायचो आणि त्यातल्या 'ह' च्या शब्दांवर पेन्सिलीनं ठिपके द्यायचो. धडा कशाबद्दल होता ते मला कधीच कळलं नाही. मार्क बरे पडायचे ते घरी पुन्हा वाचल्यामुळं.

इथं एक गोष्ट लिहायची आहे, ती कुणाला लागू नये. नकला करणाऱ्या पोरांनी मला फारसं दुखवलं नाही. पोरं सगळ्यांच्याच नकला करायची. माझं जास्त नुकसान झालं ते चांगुलपणानं. माझी पाळी आली की "तू राहू दे, पुढचा उठ" असं म्हणणारे शिक्षक खरोखर मायेनं म्हणायचे आणि मी सुटलो म्हणून खाली बसायचो. पण दर वेळी मनावर तेच ठसत गेलं, की माझं अडखळणं ऐकणाऱ्याला सोसवणार नाही असं काहीतरी आहे. याउलट नववीत मराठीच्या बाईंनी मला एकदाही गाळलं नाही. मी अडकलो की त्या पुस्तकातून मान वर करून माझ्याकडं बघत राहायच्या. शब्द पुरवायच्या नाहीत, 'सावकाश' म्हणायच्या नाहीत. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

मावशी हातकणंगल्याला. सुट्टीत तिच्याकडं जायचं तर मिरज स्टेशनाच्या तिकीट खिडकीत तोंड घालून 'हातकणंगले' म्हणणं आलं. तेव्हा मिरजेला तिन्ही रुंदीचे रूळ होते, पुण्या-कोल्हापूरची मोठी लाईन, लोंढ्याकडची मीटर, कुर्डुवाडीची छोटी. कुठंही जाता आलं असतं, पण मला हातकणंगल्याचं तिकीट मागता येत नव्हतं. मी पुढच्या रुकडीचं मागायचो आणि हातकणंगल्याला उतरायचो. माझ्या 'ह' पायी रेल्वेला थोडीफार जादा मिळकत झाली, तिची नोंद कुठं नसेल.

उपाय सगळे झाले. अक्कलकाढा चघळला, वेखंड मधात उगाळून जिभेला लावलं. जिभेखालचा दोरा कापायचा सल्ला शेजाऱ्यांनी दिला, तो आईनं मोडून काढला. पुढं फार्मसीला असताना वाचलं की १८४१ साली बर्लिनमध्ये डीफेनबाख नावाच्या नामांकित शल्यचिकित्सकानं अडखळणाऱ्यांच्या जिभेच्या मुळाचा तुकडाच कापून काढला होता, आणि तोही भूल देण्याची सोय नसतानाच्या काळात. तेव्हा आईचे उपकार नव्यानं जाणवले. जीभ त्यात निर्दोष असते. या गोष्टीचं मूळ मेंदूत बोलण्याची जुळवाजुळव होते तिथं आहे आणि ती बऱ्याचदा घराण्यातून येते. २०१० साली पाकिस्तानातल्या काही कुटुंबांच्या अभ्यासातून तिच्याशी जोडलेली जनुकंही सापडली. माझे आजोबा फार कमी बोलत, असं घरात कौतुकानं सांगितलं जायचं. आता मला त्या कौतुकाबद्दल शंका आहे.

एक कोडं मात्र शाळेपासून होतं. प्रार्थनेत, प्रतिज्ञेत, पाढ्यांत मी कधी अडखळलो नाही. गाताना तर नाहीच, आणि आपलं गाव खाँसाहेब अब्दुल करीम खाँचं, सतारमेकर गल्लीचं, त्यामुळं गाणं कानावर रोजचंच. भजनाच्या स्पर्धेत मी मोकळ्या गळ्यानं गायलो आणि खाली उतरल्यावर एकानं विचारलं, "मग एरवी नाटक करतोस होय रे?" उत्तर माझ्याकडं नव्हतं. जगभर असंच आहे: सगळ्यांबरोबर एका सुरात बोललं की जवळजवळ प्रत्येकाचं अडखळणं थांबतं. गाताना, एकट्यानं बोलताना, तान्ह्या मुलाशी बोलताना बहुतेकांचं. समोर माणूस आला, आपली पाळी आली, की परत सुरू.

डी. फार्म. केलं आणि मिशन हॉस्पिटलच्या बाजूला औषधांचं दुकान टाकलं. कमी बोलून भागेल असा धंदा वाटला होता. गोळ्या काढायच्या, पाकिटावर खुणा करायच्या, पैसे घ्यायचे. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर फोन करण्याऐवजी मी चिठ्ठी घेऊन त्यांच्या दवाखान्यापर्यंत चालत जायचो. लोक म्हणायचे, किती काटेकोर माणूस! फोन म्हणजे आम्हा लोकांचा सगळ्यात मोठा शत्रू, कारण तिथं हात, डोळे, खोकला काही कामाला येत नाही.

पण औषधात शब्द बदलून चालत नाही, हे एका आजींमुळं ठळक झालं. त्यांना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं होतं. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर रक्तपेशी उतरतात, जिवावर बेतू शकतं. मला 'आठवड्यातून' चा 'आ' निघेना. सवयीनं मी शब्द फिरवला आणि म्हणालो, "सात दिवसांतून एकदा." आजींनी तोंडानं उजळणी केली, "सात दिवस, रोज एकदा. बरं." आणि पिशवी उचलली.

त्यांना थांबवलं. दुसरा शब्द शोधायला वेळ नव्हता आणि दुकानात गर्दी होती. मी म्हणालो, "आजी, मी अडखळतो. जरा थांबा, मला पुरतं सांगू दे." आणि सगळ्या गिऱ्हाइकांदेखत 'आ' वर अडकून उभा राहिलो. शब्द यायचा तेव्हा आला. आजी म्हणाल्या, "सावकाश सांग की रं बाबा, मला कुठं गाडी गाठायची हाय." मग मी वार ठरवून दिला, सोमवार, तो पाकिटावर लिहिला आणि त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतला.

हे वाक्य, 'मी अडखळतो', त्याआधी मी कुणाजवळही उच्चारलं नव्हतं. आईजवळही नाही. आणि नंतर दिवसभर जीभ जरा हलकी चालली. का, ते तेव्हा कळलं नाही.

पुण्यात द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनचा स्वमदत गट आहे, तिथं जायला लागल्यावर कळलं. जोसेफ शीहन म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, स्वतः अडखळणारे. त्यांनी याला हिमनगाची उपमा दिली होती: लोकांना ऐकू येतं ते वरचं टोक, आणि पाण्याखाली भीती, लाज आणि लपवण्याची सगळी धडपड. माझ्या बाबतीत वरचा भाग तर अगदीच किरकोळ होता. ठिपके देणं, खोकणं, रुकडीचं तिकीट, दवाखान्यापर्यंतची पायपीट, मामांना बघून परत फिरणं, हे सगळं खालचं. आणि गंमत अशी की यातली प्रत्येक युक्ती पहिले काही दिवस चालते, मग तिचा जोर ओसरतो आणि ती अडखळण्याचाच एक भाग होऊन बसते. खोकला माझ्याकडं असाच राहिला होता. अडखळणं गेलं नव्हतंच, वर खोकला जडला.

मिशिगनचे चार्ल्स व्हॅन रायपर यांची हकिगत तिथंच ऐकली. या विषयातलं मोठं नाव. तरुणपणी ते इतके अडखळायचे की एका शेतावर त्यांनी मुकाबहिरा असल्याचं सोंग करून काम केलं. पुढं रस्त्यात एका म्हाताऱ्यानं त्यांना गाडीत घेतलं. यांचं तोंड वेडंवाकडं होऊन शब्द अडकलेला बघून तो हसला, आणि स्वतःही अडखळतच सांगू लागला, की मीही तुझ्यासारखाच झगडायचो, आता वय झालं, झगडायची ताकद उरली नाही, शब्द जसे गळतील तसे गळू देतो. व्हॅन रायपरनी त्यावर पुढं उपचाराची एक पद्धतच उभी केली. न अडखळता बोलायला शिकवण्याऐवजी न झगडता अडखळायला शिकवायचं.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर तो गाडीवाला म्हातारा आला नाही. नोटिशीची वही आली. शाळेतली सगळी वर्षं मी त्या माणसापासून चार हात लांब राहिलो होतो. मामांची तर ताकदही शाबूत होती, तरी ते झगडत नव्हते. ते त्यांना कुणी शिकवलं, की मुळातच त्यांना त्यात लाजण्यासारखं काही वाटलं नाही, हे विचारायला आता मामा नाहीत.

शिकण्यासारखं जे होतं ते सांगायला सोपं आहे. अडकलो की जोर लावायचा नाही. ओठ, जीभ, गळा जिथं आवळला असेल तिथंच थांबून तो आवळ जाणवून घ्यायचा आणि हळूहळू सैल सोडायचा, शब्द गळतो. दुसरं म्हणजे मुद्दाम अडखळायचं. नको त्या ठिकाणी, अनोळखी माणसासमोर, जरूर नसताना. मी मिरज स्टेशनात त्याच खिडकीपाशी गेलो आणि म्हणालो, "ह-ह-ह-हातकणंगले एक." आतल्या माणसानं मान वर न करता तिकीट सरकवलं आणि मागच्याला म्हणाला, "पुढं बोला." एवढंच. ज्याच्या भीतीनं मी वर्षानुवर्षं रुकडीचे पैसे मोजले, ते एवढंच होतं.

स्मरणिकेच्या संपादक मंडळानं मला विषय दिला होता 'दोषावर मात'. माफ करा, तो विषय मला लिहिता येणार नाही. मी मात केलेली नाही आणि करायची इच्छाही उरलेली नाही. मी आजही रोज अडखळतो. काही दिवस बरे जातात, काही दिवशी स्वतःचं नावही निघत नाही. माझं मत विचाराल तर 'मात केली' च्या कथा शाळेतल्या अडखळणाऱ्या मुलासाठी घातक आहेत, कारण त्या त्याला आणखी नेटानं लढायला सांगतात, आणि लढण्यानंच ते वाढतं. उपचार घेऊ नयेत असं मी म्हणत नाही. वांद्र्याच्या अलीयावर जंग संस्थेत आणि आता बऱ्याच शहरांत वाचा-उपचारतज्ज्ञ आहेत, आणि मूल लहान असताना गेलं तर फायदा जास्त. शंभरातली पाचेक मुलं लहानपणी काही काळ अडखळतात, त्यातली बहुतेक त्यातून बाहेरही येतात. मोठेपणी शंभरात एखादा उरतो, बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त. म्हणजे हजार मुलांच्या आपल्या शाळेत आज दहाएक जण तरी असणार. त्यातले काही वर्गात 'शिष्ट' म्हणून बसलेले असतील. त्यांना गाळू नका, त्यांचे शब्द पुरे करू नका, पुस्तकातून मान वर करून बघत राहा. त्यांना तुमचा राग येईल. येऊ द्या.

माझ्या दुकानात 'उधारी बंद' च्या खाली आता आणखी एक पाटी आहे: 'मी अडखळत बोलतो. औषध कसं घ्यायचं ते पूर्ण ऐकूनच जावे.' पहिली पाटी कुणी पाळत नाही, दुसरी सगळे पाळतात.

जाता जाता संयोजकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. अमृतमहोत्सवाच्या समारंभात आभारप्रदर्शन माझ्याकडं दिलं आहे आणि पत्रिकेत त्याला पाच मिनिटं लिहिली आहेत. यादी मी पाहिली. देणगीदारांत 'ह' ची तीन नावं आहेत आणि एक पाहुणे खुद्द हातकणंगल्याचे. मला दहा मिनिटं लागतील, तशी दुरुस्ती व्हावी. त्यानंतरच्या राष्ट्रगीताला मात्र माझ्यामुळं जादा वेळ धरू नये, ते सगळ्यांबरोबर ५२ सेकंदांत होईल.