भिंतीवरचं खेडं

आमच्या कॉम्प्युटरच्या एका फोल्डरात दीडेकशे खेडवळ इंग्रज कुटुंबं दाटीवाटीनं राहतात. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. शेगडीशी आजी, पाळण्यात पोर, खिडकीतून तिरपं ऊन. खरी तैलचित्रं घ्यायची आपली ऐपत नाही. संग्रहालयांच्या साइटवरून फुकट उतरवून घ्यायची, एवढीच आमची संग्राहकी. बायको त्यांना 'तुमचे पाहुणे' म्हणते.

यातले बरेचसे पाहुणे इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या क्रॅनब्रुक गावचे. १८५४ मध्ये चित्रकार फ्रेडरिक डॅनियल हार्डी तिथं राहायला गेला, मागोमाग टॉमस वेबस्टर आणि इतर चित्रकार मित्र. हार्डीच्या चित्रात मी माणसं नंतर बघतो. आधी फरशीच्या झिजलेल्या विटा, मग कोपऱ्यातली भांडीकुंडी.

वेबस्टरचं 'गावातला गायकवृंद' हे १८४७ चं चित्र माझं विशेष लाडकं. चर्चमधली गाणारी मंडळी अशी जीव तोडून गातायत, की आपल्याकडच्या काकड आरतीची आठवण यावी. सोबतीला क्लॅरिनेट, चेलो आणि बसून. हो, वाद्याचं नावच बसून. असे गावठी ताफे तेव्हा मोडीत निघत होते, त्यांच्या जागी ऑर्गन येत होते.

हे चित्र जॉन शीपशँक्सकडे होतं. घराणं लीड्सचं, धंदा लोकरी कापडाचा, आणि आडनावाचा अर्थ मेंढीच्या तंगड्या! यानं १८५७ मध्ये आपली २३३ तैलचित्रं लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमला देऊन टाकली. तिथं संध्याकाळी गॅसचे दिवे लावत, म्हणजे दिवसभर राबणाऱ्यांनाही येता यावं. या दिलदारीला माझा सलाम.

पण गंमत बघा. १८५१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्सची निम्म्याहून जास्त वस्ती शहरी निघाली. ज्या गिरण्यांनी खेडी ओस पाडली, त्यांच्याच पैशातून दिवाणखान्यात खेडी टांगली जात होती. याच केंटमध्ये १८३० साली शेतमजुरांनी मळणीयंत्रं फोडली होती. मजुरी तुटपुंजी आणि हिवाळ्यातलं मळणीचं कामही यंत्रानं हिरावलेलं. त्या रागाचा मागमूस माझ्या फोल्डरात नाही. तिथं सगळ्यांची पोटं भरलेली आणि गाल गुलाबी. हे कळूनही मी उतरवणं थांबवलेलं नाही, हे कबूल करतो.

परवा बायको चहा घेऊन आली आणि खांद्यावरून बघत राहिली. पडद्यावर हार्डीचं स्वयंपाकघर होतं.

"अहो, घरात एवढी माणसं, एवढा पसारा. मग उष्टी भांडी कुठायत?"

तेव्हापासून एकेक चित्र मोठं करून तेच शोधतोय. साठ झाली.