गुरुत्वाच्या टॉप-ऑफची नोंद: दहा लिटरचा डबा आणि सलाईनचा रोलर

टॉप-ऑफ म्हणजे उडून गेलेल्या पाण्याची आपोआप भरणी. प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी 90 × 45 × 45 सेंमी, खाली 75 × 35 सेंमीचा सम्प, म्हणजे तिला जोडलेली कप्प्यांची दुसरी टाकी. दगड-वाळू वजा जाता एकूण पाणी 180 लिटर. ठिकाण पुणे, नोंदी एप्रिल ते जुलै. भरणीसाठी पंप नाही, सेन्सर नाही. सम्पच्या वर डबा, एक नळी आणि एक फ्लोट व्हॉल्व्ह. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक करतो तेच काम, पण पितळेचा कॉक इथे चालत नाही. पितळेत तांबं असतं आणि तांब्याने कोळंबी, गोगलगाई, प्रवाळ मरतात. सगळं प्लॅस्टिक, वॉशर सिलिकॉनचा.

आठवडा 1: फक्त मोजणी

पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून भरायचं ते गोडं पाणीच. वरच्या टाकीची पातळी ओव्हरफ्लोच्या (पाणी खाली सांडतं त्या कडेच्या) दातांवर ठरते आणि सम्पच्या बाकीच्या कप्प्यांची मधल्या काचांवर, त्यामुळे सगळी घट रिटर्न पंपाच्या, म्हणजे पाणी परत वर पाठवणाऱ्या पंपाच्या, कप्प्यातच दिसते. हा कप्पा 30 × 20 सेंमी, म्हणजे 600 चौरस सेंमी. 1 लिटर पाणी गेलं की पातळी 1.67 सेंमी उतरते. काचेवर मार्करने रेघ मारून 24 तासांनी पाहिलं तर घट 6 सेंमी. म्हणजे दिवसाला 3.6 लिटर, एकूण पाण्याच्या 2 टक्के. काहीच भरलं नाही तर क्षारता (किलोभर पाण्यात किती ग्रॅम मीठ) एका दिवसात 35 वरून 35.7 होते.

आकडा मोठा वाटतो म्हणून सम्प झाकून टाकायचा मोह होईल. उन्हाळ्यात ते करू नका. 1 लिटर पाणी उडताना सुमारे 0.67 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता घेऊन जातं, 3.6 लिटरमागे 2.4 युनिट, म्हणजे अखंड 100 वॅटचं थंडावणं. सम्पवरचा छोटा पंखा हेच काम करतो. पाणी उडू द्या, भरणी चोख ठेवा.

आठवडा 2: डबा किती मोठा

या सगळ्या रचनेत सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे. फ्लोट व्हॉल्व्ह कधी ना कधी उघडा अडकणारच, कितीही चांगला घेतला तरी. तेव्हा अख्खा डबा सम्पमध्ये रिकामा होईल. 20 लिटरचा कॅन रिकामा झाला तर क्षारता 35 वरून 31.5 वर येते. 10 लिटरच्या डब्याने 33.2 वर. पहिला आकडा प्रवाळांना महागात पडतो, दुसरा सहसा निभावतो. म्हणून 20 चा कॅन बाजूला ठेवून 10 चा घेतला. उन्हाळ्यात तो पावणेतीन दिवस पुरतो. गावाला जायचं असेल तर मोठा डबा लावण्यापेक्षा शेजाऱ्यांना दिवसाआड मापून भरायला सांगणं बरं.

सम्पमध्ये तेवढी जागाही मोकळी हवी. वीज गेली की वरच्या टाकीतलं अडीच सेंमी पाणी खाली येतं, तेच सुमारे 10 लिटर. त्यात अडकलेल्या व्हॉल्व्हचे 10 मिळवा. एकूण 20 लिटर मावलं पाहिजे, वर दोन बोटं शिल्लक. चाचणीला गोडं पाणी वापरू नका: पाणी बदलण्यासाठी कालवलेलं 35 चं खारं पाणी 10 लिटर सम्पमध्ये ओतायचं आणि मग रिटर्न पंप बंद करायचा. क्षारता जागची हलत नाही आणि फरशी ओली होणार की नाही ते कळतं. नंतर तेवढंच पाणी काढून घ्यायचं.

आठवडा 3: जोडणी

आरओ प्युरिफायरचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात सगळं मिळतं: पाव इंची फ्लोट व्हॉल्व्ह, पाव इंची पांढरी नळी, टँक कनेक्टर, एक बॉल व्हॉल्व्ह, टेफ्लॉन टेप. डब्याला भोक तळापासून 2–3 सेंमी वर पाडायचं, म्हणजे तळाचा गाळ नळीत उतरत नाही. ड्रिलचा बिट आट्यांचा व्यास मोजून निवडायचा. नळी ब्लेडने सरळ काटकोनात कापायची. तिरकी कापली की पुश-फिटमधून थेंब थेंब गळते आणि चूक फिटिंगची वाटते.

व्हॉल्व्हचं तोंड पाण्याच्या वर 2 सेंमी. ते बुडालं तर मीठ तोंडाशी पोचतं आणि बैठक खराब होते. डब्याच्या तळापासून व्हॉल्व्हपर्यंत उंची 60 सेंमी, दाब जेमतेम 0.06 बार. एवढा पुरतो.

पाणी मात्र घरगुती आरओच्या नळाचं चालत नाही. त्यात चवीसाठी टीडीएस (विरघळलेले क्षार) अॅडजस्टर किंवा मिनरल काडतूस असतं. त्याआधीच पाणी काढून उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनमधून न्यायचं, टीडीएस मीटरवर 0 दिसेपर्यंत. टीडीएस 50 चं पाणी दिवसाला 3.6 लिटर म्हणजे महिन्याला 5.4 ग्रॅम नको ते क्षार टाकीत साचणार.

आठवडा 4: वेग आवळणं

मोजपात्र धरलं तर उघडा व्हॉल्व्ह मिनिटाला 140 मिली सोडतो. गरज 2.5 मिलीची. म्हणजे अडकला तर डबा 71 मिनिटांत रिकामा, कुणी ऑफिसमधून येईपर्यंत सगळं आटोपलेलं.

उपाय मेडिकलच्या दुकानात आहे: सलाईनचा सेट. डबा आणि फ्लोट व्हॉल्व्ह यांच्या मध्ये तो उभा बसवायचा, थेंबांची डबी सरळ राहील असा. नळ्यांचे व्यास जुळत नसतील तर सिलिकॉन नळीचा तुकडा जोड म्हणून. पाकिटावर 20 थेंब म्हणजे 1 मिली असं लिहिलेलं असतं. नळी दाबणारा रोलर फिरवून मिनिटाला 100 थेंब लावले: 5 मिली, दिवसाला 7.2 लिटर, गरजेच्या दुप्पट. आता व्हॉल्व्ह अडकला तरी डबा रिकामा व्हायला 33 तास लागतात आणि तोवर कप्प्याची वाढलेली पातळी कुणाच्या तरी नजरेस पडतेच.

डबा अर्धा असताना थेंब मोजा. भरलेल्या डब्यावर ते जास्त पडतात, तळाशी आलेल्यावर कमी.

आठवडे 5 ते 8: काय काय बिघडतं

झाकण हवाबंद असेल तर दोन-तीन तासांत थेंब थांबतात आणि डब्याच्या भिंती आत ओढल्या जातात. झाकणाला 2 मिमीचं भोक पाडलं की सुटलं.

गोगलगाय फ्लोटवर चढून बसते. तिच्या वजनाने फ्लोट खाली जातो आणि व्हॉल्व्ह उघडा राहतो. 3 इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा, त्याला करवतीच्या बारीक फटी पाडून, फ्लोटभोवती उभा केला. फ्लोट आत मोकळा हलला पाहिजे. याच पाइपने पंपाच्या खळबळीमुळे होणारी फ्लोटची थरथरही थांबली.

आठव्या आठवड्यात व्हॉल्व्ह उतरवून पाहिला. दांड्याच्या खिळीवर मिठाचा पांढरा कंगोरा, खडीसाखरेसारखा खरखरीत, नख लावलं तर तुकड्यानेच निघाला. फ्लोट वर उचलला तरी शेवटचे 3 मिमी तो अडखळत होता. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, अर्धा तास बुडवून, मऊ ब्रशने घासून साफ. आता हे दर महिन्याला.

वाईट बिघाड मात्र व्हॉल्व्हचा नव्हताच. स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप रात्री भरून वाहिला, 3 लिटर खारं पाणी बाहेर गेलं आणि टॉप-ऑफने निमूटपणे 3 लिटर गोडं भरलं. पातळी सकाळी अगदी बरोबर, क्षारता 34.4. पातळी बरोबर म्हणजे क्षारता बरोबर असं धरून चालू नका. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) आठवड्यातून दोनदा, 35 च्या द्रावणाने जुळवून. पाणी बदलताना बॉल व्हॉल्व्ह आधी बंद, हेही याच कारणाने. बादली काढल्याबरोबर फ्लोट खाली जातो.

डबा-व्हॉल्व्हऐवजी तोंड पाण्याशी टेकवून ठेवलेल्या उलट्या बाटलीबद्दल हल्ली बरंच विचारलं जातं. कोंबड्यांच्या पाणीपात्रासारखी ती चालते, हलणारा भाग एकही नाही. पण बाटलीत 10 लिटर हवा असेल आणि खोली 25 वरून 35 अंशांवर गेली तर हवा फुगून निदान 330 मिली पाणी बाहेर ढकलते, वाफेचा दाब धरला तर आणखी. छोट्या टाकीवर, 2 लिटरच्या बाटलीने ठीक.

प्रवाळांना कॅल्शियम देणारी चुन्याची निवळी या डब्यात घालू नका. तिचा पीएच 12.4 च्या आसपास, आणि व्हॉल्व्हच्या तोंडाशी चुनखडी धरते. अडकणारा भाग आणि घातक द्रव एकाच नळीत नको. निवळी वेगळ्या ठिबकने, रात्री.

आठवडा 12: पाऊस

जुलैत हवा दमट, पंखा बंद. घट 6 सेंमीवरून 3 सेंमीवर, दिवसाला 1.8 लिटर. रोलर मिनिटाला 50 थेंबांवर आणला, दिवसाला 3.6 लिटर, पुन्हा गरजेच्या दुप्पट. डबा आता साडेपाच दिवस पुरतो. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा 24 तासांची रेघ मारून थेंब नव्याने लावायचे.