रफार कुठे गेला?

नागपुरातल्या कुठल्याही दिवाळी अंकाच्या संपादकाला सप्टेंबरात विचारून पाहा, सगळ्यात जास्त छळ कशाचा होतो? कच्च्या कथांचं फारसं काही वाटत नाही, त्या वाचून बाजूला ठेवता येतात. खरा ताप फायलींचा. उघडतात, पण आत 'धर्म'च्या जागी 'धमर्' बसलेला, 'शहर'मधला 'श' गायब, वेलांट्या शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर. लेखकाला फोन लावला तर तो म्हणतो, "माह्या कॉम्प्युटरवर तर बरोबर दिसून राह्यलं ना बाप्पा!" तेही खोटं नसतं.

याचं मूळ कृतिदेवासारख्या जुन्या फॉन्टांत आहे. हिंदी टायपिंगचा शेजार असल्यामुळे आपल्याकडे टायपिंगच्या क्लासांपासून बर्डीवरच्या डीटीपीच्या दुकानांपर्यंत कृतिदेवाने चांगलंच बस्तान बसवलं. या फॉन्टात कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतंच. त्याच्याकडे साठवलेली असतात साधी इंग्रजी अक्षरं, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरी चेहरा चढवतो. 'कि' लिहायचं तर आधी एफ, मग डी. एफ म्हणजे पहिली वेलांटी, डी म्हणजे क. 'धर्म'मध्ये रफार सगळ्यात शेवटी, म नंतर टाइप होतो. युनिकोड म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना कळणारी आजची सामाईक पद्धत, तिच्यात क्रम उच्चाराचा: ध, मग र, मग हलन्त, मग म. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये नेणाऱ्या कन्व्हर्टरचं सगळं कसब या दोन क्रमांची सांगड घालण्यात असतं, आणि रफार हरवतो तो इथेच.

फाइल कुठल्या जातीची आहे ते ओळखायला अर्धं मिनिट पुरतं. मजकूर निवडा आणि फॉन्ट बदलून निर्मला किंवा मंगल करा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड. इंग्रजी अक्षरांचा चिवडा झाला तर जुना फॉन्ट, कन्व्हर्टर गाठायचा. इंटरनेटवर असे कन्व्हर्टर पुष्कळ आहेत आणि फुकट आहेत. मजकूर टाकण्याआधी मात्र दोन गोष्टी तपासाव्यात. कृतिदेवात साधं एकेरी अवतरणचिन्ह म्हणजे अर्धा श आणि दुहेरी म्हणजे अर्धा ष. वर्ड आपल्या शहाणपणाने सरळ चिन्हांची वळणदार चिन्हं करून ठेवतो, बऱ्याच कन्व्हर्टरना ती ओळखू येत नाहीत आणि 'शहर'मधला 'श' जाऊन नुसता काना उरतो. तेव्हा वर्डच्या ऑटोकरेक्टमधली ती सोय आधी बंद करायची आणि वळलेली चिन्हं पुन्हा सरळ करून घ्यायची. दुसरं म्हणजे, मधूनमधून आलेले खरे इंग्रजी शब्द वेगळे काढून ठेवायचे. तोतलाडोह धरणावरच्या लेखात इंग्रजी लिपीतला 'डॅम' राहून गेला तर कन्व्हर्टर त्याचा इमानेइतबारे 'कंउ' करून देतो. प्रूफ वाचणाऱ्याला वाटतं, असेल बुवा काही गोंडी शब्द.

नवं लिहिणाऱ्याने या फंदात पडूच नये. इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये आयता असतो, विकत घ्यावा लागत नाही. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, अशी त्याची वाटणी इतकी सरळ आहे की रोज अर्धा तास बसलं तर दोन-तीन आठवड्यांत बोटं आपली आपण चालतात. क के वर, र जे वर, हलन्त डी वर. शिफ्ट धरून जे दाबलं की 'ऱ' येतो, आणि त्यापुढे हलन्त आणि ह टाकला की 'वऱ्हाड'मधला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारे फोनेटिक कळफलक पत्रापुरते ठीक, पण कादंबरीभर ळ आणि ण साठी कॅपिटलं दाबत बसणं म्हणजे मनगटाशी वैर.

या अर्ध्या र ची आणखी एक गंमत आहे. काही कळफलक तो 'ऱ' आणि हलन्त जोडून बनवतात, काही साध्या 'र'ला हलन्त लावून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. डोळ्यांना दोन्ही 'वऱ्हाड' सारखेच. कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द. 'ॲप'चंही तसंच. युनिकोडमध्ये 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर २००८ साली आलं, त्याआधीपासून लोक अ वर चंद्र चढवून काम भागवत होते, आणि अजूनही भागवतात. तीनशे पानांच्या हस्तलिखितात निम्मं काम फोनवर आणि निम्मं लॅपटॉपवर झालं असेल, तर एका शोधात सगळे 'वऱ्हाड' सापडायचे नाहीत. उपाय सोपा: शेवटचा हात फिरवताना एका रूपाची नक्कल 'फाइंड'च्या चौकटीत, दुसऱ्याची 'रिप्लेस'च्या चौकटीत, आणि सरसकट बदल.

आता शब्दकोश. इथे मराठी लेखकाची चैन आहे, आणि गंमत म्हणजे ती शिकागोत साठवलेली आहे. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती आहे, दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९५० या काळात निघालेला महाराष्ट्र शब्दकोश आहे, आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही आहे. महानुभावांच्या गद्याशी झुंजणाऱ्याला हा शेवटचा फार कामाचा. सगळं फुकट. बृहद्कोश नावाच्या संकेतस्थळावर अनेक मराठी कोश एकाच चौकटीत शोधता येतात, घाईच्या वेळी ते बरं पडतं.

पण मोल्सवर्थ किंवा दाते-कर्वे यांच्या कोशात 'काही' शोधायला गेलात तर हात हलवत परत यावं लागेल, कारण तिथे तो 'कांहीं' आहे. हे दोन्ही कोश आजच्या लेखननियमांच्या आधीचे. साहित्य महामंडळाचे नियम १९६२चे, त्यांत १९७२ साली चारांची भर पडून एकूण अठरा झाले. त्याआधीचा माणूस न उच्चारले जाणारे अनुस्वारही टिकवून होता. 'नाव' शोधलंत तर होडी मिळेल, माणसाचं हवं असेल तर 'नांव'. शब्द सापडला नाही की आधी एक अनुस्वार देऊन बघावा, मग ऱ्हस्व-दीर्घ उलटं करून बघावं, आणि त्यानंतरच शब्द नाही असं म्हणावं.

दात्यांच्या कोशात अर्थाच्या अलीकडे कंसात बारीक खुणा असतात. (व.) म्हणजे वऱ्हाडी, (ना.) म्हणजे नागपुरी, (राजा.) म्हणजे राजापुरी. इकडच्या लेखकासाठी ही खाणच. घरात आजी वापरायची तो शब्द गावंढळ समजून कथेतून कापायच्या आधी तो या कोशात बघावा, बऱ्याचदा तो तिथे (ना.) अशी खूण मिरवत ऐटीत बसलेला असतो. संपादकाने पुण्यातून आक्षेप घेतलाच तर पान दाखवता येतं.

संवाद लिहिणाऱ्याने आणखी दोन दारं ठोठवावीत. ग्रियर्सनने इंग्रजी अमदानीत केलेल्या भारताच्या भाषिक सर्वेक्षणाचा सातवा खंड, १९०५चा, मराठीचा आहे. त्यात बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट बोलीबोलींत उतरवून घेतली आहे, वऱ्हाडी-नागपुरीतही. तीच गोष्ट समोर असल्यामुळे क्रियापदं कुठे वळतात ते लख्ख दिसतं. दुसरं दार डेक्कन कॉलेजने केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचं. ते आजच्या काळातलं, जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन केलेलं, संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुलं. 'करून राह्यला' आणि 'काऊन' एवढ्या दोन फोडण्यांवर नागपुरी पात्र उभं करणाऱ्यांनी तिथे एक दुपार घालवायला हरकत नाही.

मराठी विश्वकोशही पूर्ण ऑनलाइन आहे. संकल्पना, इतिहास, वनस्पती यांसाठी उत्तम. मात्र पहिला खंड १९७६चा आहे हे ध्यानात ठेवावं आणि जुन्या नोंदीतून लोकसंख्या किंवा उत्पादनाचे आकडे उचलू नयेत. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश शासकीय आणि तांत्रिक शब्दांसाठी. हिवाळी अधिवेशनावर विनोदी लिहायचं असेल तर याहून अस्सल माल दुसरीकडे मिळणार नाही.

जुन्या नागपूरवर लिहिणारे बहुतेक एकाच जागी अडतात: ते महाराष्ट्रात शोधतात. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांतात होतं, वऱ्हाड त्याला १९०३ साली जोडलं गेलं, आणि विदर्भ मुंबई राज्यात आला १९५६ साली. त्यामुळे मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरात आपलं गाव मिळणं शक्य नाही. इंटरनेट अर्काइव्हवर 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस' टाकून शोधावं, रसेलने संपादित केलेलं नागपूर जिल्ह्याचं १९०८चं गॅझेटिअर तिथे आहे. इंग्रजी स्पेलिंगही दोन्ही करून बघावीत, आजचं आणि शेवटी 'पोर' येणारं जुनं. मराठी पुस्तकांचा घोळ वेगळाच. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियातून अर्काइव्हवर आलेल्या प्रतींची नावं रोमन लिपीत आहेत, तीही विचित्र: आ साठी दोनदा ए, ट आणि ड पुढे एक एकेरी अवतरणचिन्ह, अनुस्वारालाही तसंच. नेहमीच्या स्पेलिंगने मिळालं नाही की या धाटणीने लिहून पाहावं, किंवा लेखकाच्या आडनावाने. आणि सापडलं म्हणून लगेच छापू नये. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. वाचायला मिळणं वेगळं, पुन्हा छापायची मोकळीक वेगळी.

जुन्या पानाचा मजकूर हवा असेल तर टाइप करत बसायचं कारण नाही. पानाचा फोटो गुगल ड्राइव्हवर चढवायचा आणि 'ओपन विथ'मधून गुगल डॉक्समध्ये उघडायचा, की फोटोखाली अक्षरं येतात. फाइल दोन एमबीच्या आत, पान उभं आणि सरळ, सावली नको. दोन स्तंभांचं पान असेल तर आधी कापून दोन फोटो करावेत. नाहीतर डावीकडची अर्धी ओळ उजवीकडच्या अर्ध्या ओळीला जोडली जाते आणि पंचनाम्यात पाककृती घुसते. पुढचं प्रूफ डोळ्यांत तेल घालून वाचायचं. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांची अदलाबदल नेहमीची, ख फुटून 'रव' होतो, आणि अनुस्वार हा धुळीचा कण समजून उडवला जातो.

शुद्धलेखन तपासनीसाकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. लिबरऑफिस या वर्डसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये शुद्धलेखन तपासणारा मराठी हनस्पेल कोश बसवता येतो, पण ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'पुढे मराठी निवडायचं राहिलं तर तो मुकाट बसून राहतो आणि लोक कोशाला नावं ठेवतात. चालू झाल्यावरही त्याला आपली प्रत्ययांची मालगाडी झेपत नाही. 'घरातल्यांनासुद्धा' लिहिलं की लाल रेघ. उलट 'दीन' हवा तिथे 'दिन' पडला तर तो शांत, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत. एक नियम मात्र स्वतःच्याच डोक्यात पक्का हवा: मराठी शब्दातलं शेवटून दुसरं ई-ऊचं दीर्घ अक्षर प्रत्यय लागताना ऱ्हस्व होतं, 'गरीब'चं 'गरिबाला', 'फूल'चं 'फुलाला', संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हटत नाहीत, 'शरीर'चं 'शरीराला'च. चुका सगळ्यात जास्त याच वळणावर होतात, आणि इथे यंत्राची साथ सगळ्यात तोकडी.

बोलून लिहायची सोय आता फोनवरही आहे आणि गुगल डॉक्समध्येही. कच्च्या खर्ड्यासाठी छान. स्वल्पविराम आणि पूर्णविराम हाताने द्यायचे. प्रमाण मराठी बोललात तर मशीन खूश, घरचं बोललात की पोट्ट्यांचं काय होईल सांगता येत नाही. मे महिन्यात शेजारी कूलर घरघरत असेल तर तेही नको, माइक तोंडाजवळ धरावा नाहीतर पहाटे काम उरकावं.

त्यापेक्षा उलटी सोय जास्त उपयोगाची: लिहिलेलं फोनकडून वाचून घेणं. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट-टू-स्पीचला मराठी आवाज मिळतो. आवाज रटाळ असतो, आणि तेच चांगलं, कारण तो आपल्या वाक्याला स्वतःचा अभिनय देत नाही. दोनदा पडलेला 'आणि', हरवलेला 'नाही', कर्ता सोडून भरकटलेलं लांब वाक्य, सगळं कानाला लगेच खटकतं.

पाठवताना दोन फायली पाठवाव्यात: युनिकोडमधली वर्डची, आणि सोबत पीडीएफ. छपाईवाला पहिलीवर काम करतो, आणि अक्षरं हलली की दुसरी उघडून ताडून पाहतो.